दुसरी शपथ

"माझ्या गळ्याची शपथ हाय तुला, उपा... दीपूला यातलं कायबी सांगायचं न्हाय!"

भरमा आप्पांनी लेकीचा हात धरून आपल्या गळ्याशी नेला, आणि बोटांखाली ती टणक गाठ लागताच उपासनाच्या काळजात चर्र झालं. बेळगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन लगेच करा, उशीर केलात तर जिवावर बेतेल. आणि ऑपरेशननंतर आवाज राहीलच याची खात्री देता येत नाही.

"आप्पा, अहो पण..."

"मंगळवारी तेला इमानात बसू दे. दोन वर्सांसाठी जर्मनीला निघालाय पोरगा. त्यो गेला की मग बघू."

तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली. दीपंकर आला होता!

बुद्धपौर्णिमेला जोडून आलेल्या सुट्टीत तो दोन दिवस निपाणीला राहणार होता. बारा वर्षांत पहिल्यांदाच! एरवी बायकोच्या माहेरी, बेळगावात खासबागला उतरायचा, इथं तासभर आप्पांजवळ बसायचा आणि जाताना उंबऱ्यातूनच "येतो" म्हणायचा. ते 'येतो'सुद्धा थोरल्या बहिणीसाठी, आक्कासाठी नसायचं.

कारण बारा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा त्याला फक्त तिचं तोंड बघायला मिळालं होतं. इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा चालू होती त्याची. तानीबाई तीन आठवडे अंथरुणाला खिळून होती आणि तिनंही लेकीचा हात असाच धरला होता... "पेपर हुईस्तोवर तेला कळवायचं न्हाय, शपथ हाय माझी!" उपासनानं शपथ पाळली, आणि शेवटचा पेपर देऊन पोरगा पोचला तो आईच्या मयतालाच. साऱ्या गल्लीसमोर तो ओरडला होता, "माझी आई तू चोरलीस, आक्का!" उपासनाच्या ओठांवर खरं आलं होतं, पण मेलेल्या आईवर बोट कसं ठेवायचं? तिनं आप्पांकडं पाहिलं. आप्पा मान खाली घालून गप्प राहिले. आणि तो आळ उरी घेऊन ती अभागिनी त्याच घरात, शाळेच्या नोकरीत, एकेक वर्ष ढकलत राहिली...

रात्री जेवताना दीपंकरनं विचारलं, "आप्पा, आवाज का असा बसलाय?"

"उन्हाळा हाय न्हवं? थंड पाणी लई पिलो."

खीर वाढता वाढता उपासनानं पळी परत पातेल्यात ठेवली. दीपंकरनं तिच्याकडं पाहिलं, क्षणभर काही विचारावंसं वाटलं असेल त्याला... पण त्यानं ताटात नजर वळवली. रात्रभर उपासना आप्पांचा श्वास ऐकत पडून राहिली.

रविवारी दुपारी बाप-लेक आडवे झाले, तेव्हा ती वाचनालयातून आणलेली जाडजूड कादंबरी घेऊन चौकटीला टेकून बसली. सुट्टी लागल्यापासून ती हीच वाचत होती. त्यातली थोरली सून सगळ्यांचे आळ सोसते, एका शब्दानं बोलत नाही, झिजून झिजून मरते. आणि मग नवऱ्याला सत्य कळतं, तो तिच्या हार घातलेल्या फोटोपुढं धाय मोकलून रडतो. अशी पानं वाचताना उपासना एरवी पदराआड हमसून रडायची. आज मात्र तिला भयंकर राग आला! अगं, बोलली का नाहीस, बाई? तुझ्या त्या थोर मौनानं कुणाचं भलं झालं? नवऱ्याचा जन्म तर पश्चात्तापात गेला! लेखकानं तिला देवी केलं होतं... पण तिच्या नवऱ्याला काय मिळालं? एक फोटो!

आतून आप्पांचा खोकला ऐकू आला, आणि तिनं पुस्तक मिटलं. मंगळवारी दीपू जाईल. मग एक दिवस परदेशातून फोन करील, "आप्पा" म्हणून हाक मारील... आणि इकडून आवाजच येणार नाही!

चारला दीपंकर बॅग घेऊन निघाला. तो वाकून बूट घालत असताना तिनं त्याचा दंड घट्ट धरला.

"जाऊ नकोस, दीपू."

"काय झालं?"

"आप्पांच्या गळ्यात गाठ हाय. कॅन्सर हाय म्हणाले डॉक्टर. ऑपरेशन केलं तर आवाज जाईल कदाचित, न्हाय केलं तर... सांगू नको म्हणून शपथ घातलीया मला. पण मी मोडली! एकदा पाळली ती बास झाली!"

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते. दीपंकर पांढराफटक पडला.

"एकदा पाळली...? म्हणजे तवा... आईनं?"

उत्तर आलं ते मागून, घोगऱ्या आवाजात. आप्पा भिंत धरून उभे होते.

"व्हय रं. तानीनंच बांधलतं हिला. मला समदं ठावं हुतं, आन मी तोंड उघडलं न्हाय. पोरगी बारा वर्सं जळत राह्यली..."

दीपंकर मटकन उंबऱ्यावर बसला. मग त्यानं लहान मुलासारखं विचारलं, "आक्का... आई माझं नाव घेत हुती?"

नाही म्हटलं तर त्याला सोपं जाईल, हे तिला कळत होतं. पण आता झाकायचं नव्हतं. ती त्याच्याशेजारी खाली बसली.

"रोज घ्यायची, बाळा. बाहेर पाऊल वाजलं की म्हणायची, 'दीपू आला का बघ.'"

त्यानं आक्काच्या मांडीत डोकं खुपसलं आणि बारा वर्षांचा बांध फुटला! तिच्या डोळ्यांतल्या धारा त्याच्या केसांत मुरत राहिल्या. जरा सावरल्यावर त्यानं बायकोला फोन लावला. "मंगळवारचं जाणं रद्द कर. उद्या सकाळी आप्पांना दवाखान्यात नेतोय."

"अरे, नोकरी..." आप्पा पुढं सरसावले.

"आप्पा, आता तुम्ही गप बसा!" उपासना जन्मात पहिल्यांदा बापावर कडाडली.

म्हातारा चमकला. मग हळूच तिच्याजवळ जमिनीवर टेकला.

"गप बसायला पुढं लई दीस हाईत, पोरी. आवाज हाय तवर म्हणू दे मला... चुकलं माझं."

तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मग आप्पा बोलू लागले. तानीबाईशी झालेल्या लग्नाचं, तंबाखूच्या वखारीतल्या दिवसांचं, उपा जन्मली त्या पहाटेचं... मधेच खोकत, थांबत, पुन्हा बोलत. आणि दिवेलागण झाली तरी दोघा लेकरांनी त्यांना थांबवलं नाही.