ट्रकच्या दिव्यावरची टोपी

कंदील जरा बारीक करा, आणि हसणं पुरे करा लेकहो. ही चावडीवरची गप नाही. दवनीवाड्याचा दुधराम माझ्या भाच्याचा सोबती. त्यानं स्वतः मला हे सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.

गेल्या वर्षीची, म्हणजे एकोणसाठ सालची गोष्ट. सोळा मार्च, सोमवार. होळीला आठ दिवस होते. दुधराम गोंदियाच्या एका हायस्कुलात मोटार दुरुस्तीच्या वर्गात शिकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिकलची परीक्षा. नागपूरचे परीक्षक संध्याकाळच्या गाडीनं येऊन केशोराव मास्तरांकडे उतरले होते. जेवणं झाल्यावर साहेबांना लहर आली, हत्यारं आत्ताच बघू म्हणाले. साहेबाला नाही कोण म्हणणार? रात्री साडेदहाला मास्तरांनी वाढायला थांबलेल्या दुधरामच्या हाती शेडची किल्ली आणि कंदील दिला.

"पान्यांची पेटी घेऊन ये. बेंचखाली हाय. धावत जा."

काम एवढंच. पण वर्षभरात दुधराम त्या शेडमध्ये एकटा कधी गेला नव्हता.

त्याचं कारण सांगतो. शेडमध्ये लष्कराचा जुना ट्रक होता, पोरं त्याच्यावरच शिकायची. मास्तरांचा एकच कडक नियम. जो ट्रकखाली जाईल, त्यानं आपली टोपी उजव्या दिव्यावर अडकवायची. बाहेर आला की आपल्याच हातानं काढायची. टोपी दिव्यावर आहे तोवर ट्रकला कुणी हात लावायचा नाही, खुद्द मास्तरांनीही नाही.

दुधरामचा जोडीदार होता इतवारी. सौंदडच्या पलीकडे जंगलाकाठचं त्याचं गाव, घरी एकटी माय फुलवंता. टोप्या सगळ्यांच्या सारख्या, सव्वीस जानेवारीच्या फेरीसाठी शाळेनंच वाटलेल्या. पोराची टोपी बदलू नये म्हणून फुलवंतानं आतून लाल दोऱ्याची फुली घातली होती.

अठ्ठावन्नच्या मार्चात दोघं ट्रकखाली काम करत होते. दुधराम आधी बाहेर आला. आपली टोपी काढली, तिनं घाम पुसला, खिशात कोंबली आणि नळावर हात धुवायला गेला. परत येतो तर दिव्यावर टोपी! डोकं उघडं होतं. सवयीनं ती उचलून डोक्यावर घातली. वाटलं, आपलीच राहिली. इतवारी दिसला नाही, तेव्हा तोही पाणी प्यायला गेला असेल असं धरून चालला. वर चढला आणि स्टार्टर दाबला. गिअर पडलेलाच होता. ट्रकनं एक उडी घेतली.

खालून आवाजसुद्धा नीट आला नाही.

माणसं धावली. मास्तरांनी आधी दिव्याकडे पाहिलं. दिवा रिकामा. सगळे म्हणाले, पोरगं टोपी ठेवायला विसरलं, स्वतःच्या चुकीनं मेलं. फुलवंता आली. रडली नाही. प्रत्येकाला एकच विचारत होती, "माह्या पोरानं टोपी काऊन नाही ठेवली? तो विसरनारा नोहता, बाबू."

दुधरामलाही विचारलं. खिशातली आपली टोपी तोवर त्याच्या हाताला लागली होती, डोक्यावरची इतवारीची, तरी त्यानं मान खाली घातली. खरं सांगितलं तर शाळा गेली, रामलाल मोटारवाल्याकडची ठरलेली नोकरी गेली. त्या रात्री लाल फुलीची टोपी त्यानं चुलीत घातली.

आता या परत त्या रात्रीवर.

कुलूप उघडलं. आत ऑइलचा वास. दुधराम सरळ बेंचकडे गेला, पेटी ओढली, वळला. कंदिलाचा उजेड ट्रकवर पडला.

दिव्यावर टोपी होती.

त्यानं डोक्याला हात लावला. स्वतःची टोपी डोक्यावरच होती.

टक...

ट्रकखाली पाना वाजला.

टक... टक...

"कोन हाय?"

पाना थांबला. मग अगदी ओळखीचा आवाज. दमलेला.

"दुधराम... टोपी हाय ना जागेवर?"

पेटी हातातून सुटली. पाने फरशीवर पसरले.

"सांग ना... हाय ना?"

"हा... हाय."

मग...

"मायले सांगजो. ठेवली होती म्हन... ती इचारून राहिली."

"सांगतो. इतवारी, सांगतो रे... सकाळीच जातो."

कंदील विझला.

पेटी तिथंच टाकून तो पळाला. रात्रभर स्टेशनवर बसून राहिला. सकाळी परीक्षेला नाव पुकारलं गेलं तेव्हा तो पहिल्या गाडीनं सौंदडला पोचला होता. तिथून जंगलाच्या वाटेनं पायी निघाला. वर्षात पहिल्यांदा त्याला हलकं वाटत होतं, असं तो म्हणाला. नोकरी गेली तर जाऊ दे, म्हातारीच्या पायावर डोकं ठेवीन. वाटभर तो तेच वाक्य घोकत होता, माय, त्यानं ठेवली होती, म्या उचलली.

गावाच्या तोंडाशी इतवारीचा काका सुकराम मोहफुलं वेचत होता. दुधरामनं फुलवंताचं विचारलं तशी त्यानं मान वर केली.

"फुलवंता? ते तं भादव्यातच गेली. शेवटपरेंत तेच इचारे, काऊन नाही ठेवली म्हने. तू आता कायले आलास?"

दुधराम तसाच घरापर्यंत गेला. अंगणात पानांचा थर. त्यावर कुणाचं पाऊल उमटलेलं नव्हतं. दाराला बाहेरून कडी. आणि कडीला...

टोपी. एक कड जळलेली. आतून लाल दोऱ्याची फुली. तिच्यावर ग्रीसचे बोटांचे ठसे, आणि ग्रीस अजून ओलं होतं.