चाळीस सेंटिमीटरचा फेरा

आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. तपासायला आलेल्या साधनाला हात लावण्याआधी ते आहे तसं मोजायचं आणि आहे तसं लिहायचं. दुरुस्ती मागाहून. वजनं, काटे, पट्ट्या, एकोणीस वर्षं मी हेच करतेय, आणि नवीन मुली हे विसरल्या की त्यांची बिनपाण्याने करते. तेव्हा चूक माझीच, हे आधीच सांगून टाकते.

त्या शनिवारी माझा धाकटा भाऊ लाडात येऊन म्हणाला, "ताई, ऑफिसातली ती स्टीलची पट्टी आणलीस?"

"आणली. शाळेत चाललायस का गुंड्या?"

शाळा कसली! पुढच्या रविवारी त्याची संघासाठी निवड चाचणी होती. घरूनच खेळायचं, बंदुकीचे तीन वेगवेगळे गेम, लागोपाठ. प्रत्येक गेममध्ये माउसच्या वेगाचा आकडा निराळा. एकात हात जेवढा सरकवला की माणूस अर्धा वळतो, तेवढाच दुसऱ्यात सरकवला की तो भिंतीत तोंड खुपसतो. हात गोंधळतो, नेम चुकतो. नोकरी सोडून दोन वर्षं तो यासाठी बसला होता. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. हे हुकलं तर हा पुन्हा उभा राहील की नाही, याची मला धास्ती होती.

मोजायची रीत सोपी. गेममधल्या भिंतीवर एका खुणेवर नेम धरायचा, माउस पट्टीच्या शून्यावर ठेवायचा आणि सरळ उजवीकडे ओढायचा. माणूस स्वतःभोवती फिरून खूण परत नेमात आली की पट्टी वाचायची. चाळीस सेंटिमीटरला एक फेरा, असं आम्ही ठरवलं. मी आकडे कमीजास्त करून तिन्ही गेम बरोबर चाळीसवर आणले.

"आता तू ओढ."

पहिल्या दोन्हींत चाळीस. तिसऱ्यात एकोणचाळीस पूर्णांक सात.

"घाई नको करूस रे."

पुन्हा तेच. माझ्या हाताने चाळीस, त्याच्या हाताने तीन मिलिमीटर कमी. दहा वेळा केलं. माणसाचा हात दहा वेळा एकसारखा चुकत नाही, निदान मी तरी कधी पाहिलेला नाही.

त्या गेममध्ये एक गोदाम होतं आणि मागच्या भिंतीला निळी पिंपं. मी ओढताना मोजली, अकरा.

"दहा आहेत गं," तो म्हणाला. त्याने सावकाश ओढून दाखवलं. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. दहाच होती.

इथे मी वही काढायला हवी होती. पण पोरगं माझ्या तोंडाकडे बघत होतं. तिसरा गेम त्याच्या हाताला काही केल्या चाळीसवर येईना, म्हणून मी मोठ्या ऐटीत बाकीचे दोन एकोणचाळीस सातवर आणून ठेवले. तिन्ही एकसारखे झाले.

"वा गं माझ्या कपाटा!" तो म्हणाला. लहानपणापासून मला कपाटच म्हणतो. बांधाच तसा आहे, ब्याऐंशी किलो, आमच्याच काट्यावर तपासलेले.

सोमवारी तो भलताच सुंदर खेळला. बुधवारी मी सहज पट्टी लावून त्याला ओढायला सांगितलं तर एकोणचाळीस एक. तिन्हींत. आकडे कुणी बदलले नव्हते. पहिल्या गेममधल्या चौकात मागे चार खिडक्या होत्या, त्याच्या हाताखाली तीनच आल्या.

"मस्त बसलाय हात," तो म्हणाला.

शुक्रवारी तो खुर्चीवरून उठून मागे वळला आणि कपाटाच्या कडेवर सणकून आपटला.

"हे इथे कधी आणलंस?"

"नऊ वर्षं तिथेच आहे, गाढवा!"

"काहीतरीच!" कपाळ चोळत तो हसला. मला हसू येईना.

त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. नजर ठणठणीत. शनिवारी दुपारी मी त्याला त्याच्या फिरत्या खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "हळूहळू एक फेरा घे. दिसेल ते सांग."

"टेबल. खिडकी. तुझं स्टूल. दार. टेबल. झालं?"

खिडकी आणि स्टूल यांच्यामध्ये कपाट आहे. मी पापणीसुद्धा लवू दिली नव्हती. खुर्ची खिडकीवरून स्टुलाकडे कशी गेली, ते मला सांगता येत नाही.

"गुंड्या, ऐक माझं. सगळे आकडे परत पहिल्यासारखे करू."

"उद्या चाचणी आहे! आता कुठे हात बसलाय. ताई, पाया पडतो तुझ्या, काही हलवू नकोस."

त्याची दोन वर्षं माझ्या डोळ्यांपुढे आली. मी काही हलवलं नाही.

रविवारी दुपारभर मी त्याच्या मागे स्टुलावर पट्टी घट्ट धरून बसले होते. त्याचा एक नेम चुकला नाही. शेवटी स्क्रीनवर त्याचं नाव वर आलं.

"ताई! झालं! घेतलं मला!" त्याने खुर्ची गर्रकन फिरवली.

खिडकी. दार.

"ताई?"

"इथेच आहे रे."

तो पुन्हा फिरला. हसरे डोळे माझ्याजवळ आले आणि दारावर गेले.

"लपू नकोस ना. आत्ता नको."

त्याने फोन लावला. माझ्या मांडीवर वाजला. मी उचलला.

"कुठेयस तू? अगदी कानापाशी वाटतेस."

मला रडू फुटलं. उठले, भिंतीच्या कडेने चालत टेबलापाशी जाऊन स्क्रीनशेजारी उभी राहिले.

"ही काय! जीव घेशील एखाद्या दिवशी," म्हणत त्याने मला मिठी मारली.

त्या संध्याकाळी मी सगळे आकडे परत होते तसे केले. मग त्याला माउस ओढायला लावला. पस्तीस पूर्णांक चार.

आता माझं स्टूल स्क्रीनशेजारीच असतं. रोज सकाळी मी आधी मोजते आणि आहे तसं लिहिते. तो सराव करतो, गाणी गुणगुणतो. मागे काय आहे, हे मी त्याला विचारत नाही.

आज सकाळी एकतीस पूर्णांक दोन. काल ऑफिसात काट्यावरही उभी राहून आले. ब्याऐंशी. तेही लिहिलं.

चहाचा कप हातात धरून तो बराच वेळ माझ्याकडे मायेने बघत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "किती बारीक झालीयेस गं. जेवत नाहीस का?"