दाराजवळची वाटी

खोटं वाटत असेल तर रेणापूरला या. आमच्या घराच्या चौकटीला, आत शिरताना उजव्या हाताला, चिनीमातीची एक वाटी ठोकलेली आहे. तिच्यात बोट घालून बघा. चहा मी करीन, पण बोट तुम्हीच घालायचं.

माझं काय होतं ते शेवटी सांगते.

ही मागच्या गणपतीच्या दिवसांतली गोष्ट आहे. वेळ दिवेलागणीची. मी स्वप्नाली. तोंडाची फटकळ आहे, सगळी गल्ली सांगेल. पण भुताखेतांच्या नावानं गळे काढणारी मी नाही. एखादी बाई अंगात आणून घुमायला लागली, की मला आधी हसू येतं.

आता येत नाही.

आम्ही कॅथलिक. गावात आमची मोजकीच घरं, चर्च नाही. फादर लातूरहून महिन्यातून एकदा येतात आणि कुणाच्या तरी ओसरीवर मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक प्रार्थना, होते. त्या दिवशी बाया पाण्याच्या बाटल्या घेऊन येतात. फादर त्या पाण्यावर प्रार्थना करतात, क्रूसाची खूण करतात, की झालं ते पवित्र पाणी. पुढची मिस्सा होईपर्यंत तेच पुरवायचं.

आमच्या घरात त्या बाटलीची मालकीण माझी सासू. चतुराबाई. मी त्यांना आत्या म्हणायची.

आत्यांचा त्या पाण्यावर फार जीव. शेळी आजारी, शिंपड. शेजारचं लेकरू रडतंय, शिंपड. दारातली वाटी कधी कोरडी पडू द्यायच्या नाहीत. आत येताना बोट बुडवून क्रूसाची खूण करायची, जाताना करायची. आणि दिवेलागणीला जपमाळ झाली, की वाटीत अंगठा बुडवून घरातल्या प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस काढायच्या.

माझा नंबर शेवटी. माझ्या कपाळावर दोनदा काढायच्या.

"तुजं डोस्कं लई तापट हाय," म्हणायच्या. "तुला एकानं भागत न्हाई."

मी पण ऐकून घेत नव्हते. "मंग बादलीच वता की आत्या डोक्यावर," म्हणायची. त्या पोट धरून हसायच्या.

पाणी सरत आलं की त्यांची एक रीत होती. बाटलीत साधं पाणी वाढवायचं, पण उरलेल्यापेक्षा कमी. मग सगळं पवित्रच राहतं म्हणे. मी म्हणायची, हे तर विरजणासारखंच झालं.

"हाव, पण विरजणच सरलं तर दही लागत न्हाई, ध्यानात ठेव," असं त्या म्हणाल्या होत्या.

मागच्या पावसाळ्यात आत्या अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. आम्ही समजलो.

एक दिवस मी झाडझूड करत होते. येशूच्या फोटोखालच्या फळीवर ती बाटली. फडक्याचा धक्का लागला. टोपण सैल होतं...

सगळं पाणी फरशीवर.

पवित्र पाणी मोरीत टाकत नाहीत. उरलंसुरलं झाडाच्या मुळाशी घालतात. मला माहीत होतं. पण आत्या शेजारच्या खोलीत जाग्या होत्या, त्यांनी विचारलं असतं. मी घाईघाईनं पाणी पुसलं आणि फडकं मोरीत पिळलं.

मग बाटली माठात बुडवून भरली. टोपण घट्ट लावलं. फळीवर ठेवून दिली.

विरजणाचा थेंबही उरला नव्हता.

मला पाणी मिळणार नव्हतं का? मिळालं असतं. मागच्या गल्लीत तारामती राहते, आमच्यातलीच. तिच्याकडे कायम भरलेली बाटली असते. पण माझ्या बहिणीच्या लग्नात तिनं माझ्या स्वयंपाकाला चारचौघींत नावं ठेवली होती. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तिच्या दारात जाऊन हात पसरायचा? मी? छे! फादर आले की नवीन घेऊ, पंधरवड्याचा तर प्रश्न आहे, असं मी मनाशी म्हटलं.

तो पंधरवडा आत्यांना मिळालाच नाही.

दुपारची वेळ होती. त्यांचा श्वास बदलला. मी नवऱ्याला फोन केला. नरसिंग लातूरला दाळ मिलमध्ये कामाला आहे. फादरांना केला, तर ते नेमके नांदेडला गेलेले. "लगेच निघतो," म्हणाले. "तोवर पवित्र पाणी शिंपडा, प्रार्थना म्हणत राहा."

घरात मी, आत्या आणि ती बाटली.

आत्यांनी डोळे उघडले. "पाणी टाक गं."

तेव्हा मी तारामतीकडे पळत जाऊ शकले असते. अजूनही तेच मनात येतं. पळत गेले असते तर कढीला ऊत येईपर्यंत परत आले असते. पण मी उठले नाही. आता यांना एकटीला कसं सोडायचं, असं मीच मला सांगितलं. खरं म्हणजे तिचं तोंड बघायचं नव्हतं.

मी माठातलं पाणी हातावर घेतलं आणि त्यांच्यावर शिंपडलं.

"टाक की गं..."

"टाकलंय की आत्या."

त्यांनी हात वर करून कपाळ चाचपलं. पाणी ओघळून कानामागं चाललं होतं, उशी भिजली होती. मी डोळ्यांनी बघत होते.

"कोरडंच लागायलंय गं..." त्या म्हणाल्या.

तेवढ्यात नरसिंग धावत आत आला. त्याच्यासमोर मी परत शिंपडलं. त्याच्यासमोरच त्या गेल्या. फादर पोचले तोवर सगळं संपलं होतं.

दफन झालं. माणसं पांगली. नरसिंग माझा हात धरून रडला. म्हणाला, "फादर न्हाई पोचले, पर पवित्र पाणी तरी पोचलं आईला. तुझ्यामुळं झालं ते."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

त्यानंतर सुरू झालं.

पहिल्यांदा वाटी. सकाळी मी ती भरायची, त्याच बाटलीतून. संध्याकाळी बघावं तर... कोरडी ठणठणीत. तळाला ओलसुद्धा नाही. पावसाळी हवा, वाळत घातलेले कपडे तीन-तीन दिवस वाळत नव्हते, आणि वाटीतलं पाणी मात्र संध्याकाळपर्यंत गायब.

वाटी फुटली असेल म्हणून काढून पाहिली. बारीकशी चीरसुद्धा नव्हती.

मग आवाज.

मी स्वयंपाकघरात भाकरी थापत असायची. दिवेलागण झालेली. आणि बाहेरच्या दाराकडून...

टिच्.

चिनीमातीला नख लागल्यासारखा. आत्यांच्या अंगठ्याचं नख जाड होतं. खूण करताना ते वाटीच्या काठाला लागायचं. तोच आवाज.

मी बाहेर येऊन बघायची. दारात कुणी नाही. नरसिंग मिलवरून येऊन खुर्चीत डुलक्या घेत असायचा.

एक दिवस तो जागा झाला आणि माझ्याकडे बघून हसला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच हसला.

"बरं केलंस," म्हणाला.

"काय?"

"आईची रीत सोडली न्हाईस. मी झोपलो की हळूच येऊन लावून जातीस. लई बरं वाटतं गं."

त्याच्या कपाळावर दाळीचा भुसा असतो, पिवळसर. मिलमधून येतो तेव्हा सगळं तोंड माखलेलं असतं. त्या भुशावर दोन ओल्या रेघा होत्या.

एक उभी. एक आडवी.

माझे दोन्ही हात पिठानं भरलेले होते. त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

मी नाही लावलं म्हटलं, तर कोणी लावलं ते सांगावं लागतं. मग बाटली आली. मग मोरी आली. मी वळले आणि परत भाकरी थापायला गेले.

रोज असंच होत राहिलं. टिच्... आणि त्याच्या कपाळावर क्रूस. एकदा तर दावणीच्या शेळीच्या डोक्यावरही ओलं दिसलं. घरातल्या सगळ्यांना लागत होतं.

मला सोडून.

खरं सांगू? भीती वाटायची ती त्या आवाजाची नाही. रोज भाकरी टाकताना माझं कपाळ वाट बघायचं. आता लावतील, मला दोनदा लावतील. मी डोळे मिटून उभीसुद्धा राहिले एकदा, दाराकडं तोंड करून. "आत्या, चुकलं माझं," म्हटलं.

टिच्.

मागून नरसिंगचा झोपेतला सुस्कारा आला. माझं कपाळ कोरडं.

दुसऱ्या दिवशी मी लाज गुंडाळून ठेवली आणि तारामतीकडे गेले. दारातच रडायला लागले. तिनं आत घेतलं, पाणी दिलं.

"मला पवित्र पाणी पायजे," मी म्हटलं.

तारामती आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेली बाटली घेऊन आली. "ही तुमच्या आत्यासाठीच हाय," म्हणाली. "आजारी पडल्या तवाच म्या काढून ठेवल्ती. म्हणलं, येळ आली की स्वप्नाली येईल मागायला. भांडण आपलं हाय, त्यांचं काय?"

मला वाटलं, धरणी दुभंगावी.

घरी येऊन मी वाटी धुतली, खरं पाणी भरलं. कबरीवर जाऊन थोडं घातलं. जुन्या बाटलीतलं झाडाला ओतलं.

त्या संध्याकाळी आवाज आला नाही.

सकाळी वाटी भरलेलीच. दुसऱ्या दिवशीही. पाणी एका बोटानंही कमी झालं नाही. मी सुटकेचा श्वास टाकला. मिळालं त्यांना. गेल्या बिचाऱ्या.

महिन्याची मिस्सा झाली तेव्हा फादरांजवळ पापनिवेदन केलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "देव बाटली बघत नाही, तुमच्या सासूबाईंचा विश्वास बघतो. त्यांची काळजी करू नका. पण नवऱ्याला खरं सांगा." मी हो म्हटलं.

घरी आले. नरसिंग खुर्चीत बसलेला. जागा होता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "का गं, आताशा लावायचं सोडलंस? तुझ्या हातानं आईच आल्यासारखं वाटायचं बघ. तेवढ्यावर दिवस निघायचा."

त्याचा तो चेहरा मी बघितला. उद्या सांगू, असं मी ठरवलं.

"लावते की," म्हटलं.

उठले. दाराजवळ गेले. वाटी काठोकाठ भरलेली होती, आत दिव्याचा उजेड हलत होता. मी अंगठा बुडवला. पाणी थंडगार लागलं. बाहेर काढला...

अंगठा कोरडा.

परत बुडवला. पार मुळापर्यंत. काढला, पदरावर दाबला. पदराला टिपूससुद्धा नाही.

"आण की गं," मागून तो म्हणाला.

मी तसाच अंगठा त्याच्या कपाळावर टेकवला. एक उभी रेघ, एक आडवी. त्यानं डोळे मिटून घेतले होते. मग उघडले. हात वर करून कपाळ चाचपलं.

"कोरडंच लागायलंय गं..."

आवाज आत्यांचा नव्हता, नरसिंगचाच होता. शब्द मात्र तेच होते. आणि माझ्या तोंडातून काय निघावं?

"लावलंय की."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला हेच चाललंय. बाकी कुणीही वाटीत बोट घातलं तर ओलं होतं, शेजारच्या पोरासोरांचंही होतं. माझंच होत नाही. नरसिंग आता काही म्हणत नाही, नुसतं कपाळ पुढं करतो.

अजून मी त्याला सांगितलेलं नाही.