दुसरी बाही

तुमचा प्रिंटर जोडून देतो, काका. फार काम नाही त्यात. तुमचं मशीन, मुलीचं मशीन आणि मधे प्रिंटर, तिघांची एकमेकांशी ओळख करून दिली की झालं. पण आधी बसा. दिवा इकडे ओढतो, आणि जरा हळू बोलू. आतल्या खोलीत आई आहे.

सुयांचा आवाज येतोय ना? टक्… टक्… ती विणतेय. तो आवाज चालू आहे तोवर मला बोलता येईल. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं नाहीच, लाज वाटते. पण आज एकट्याने बसवत नाही.

आमचं ऑफिस लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं, आणि मी तिथला कॉम्प्युटरवाला. दहा-बारा मशीन, पॅसेजच्या टोकाला एक रंगीत लेझर प्रिंटर, आणि सर्व्हरवर एक सामाईक फोल्डर. त्याचं नाव 'सगळ्यांसाठी'. कोणी काय उघडायचं, कोणी काय पुसायचं, हे माझ्या हातात. साहेबांनाही एखादी फाइल लागली तर माझ्या टेबलाशी यावं लागतं. त्याचा थोडा तोराही होता मला.

मागच्या महिन्यात मित्रांनी समुद्रावर जायचं ठरवलं. माझ्या रजा संपलेल्या. आमचे साहेब रजा अशी देतात, जणू स्वतःच्या खिशातून काढून देतायत. आजारपण सांगून झालं होतं. आजी तर माझी दोनदा वारली होती. सकाळी फोन लावला आणि तोंडातून निघून गेलं, "साहेब… आई गेली."

आवाज आपोआप कापरा झाला. आणि खोटं कशाला बोलू, काका, तो कसा छान जमला याचं मला कौतुक वाटलं. आई त्या वेळी स्वयंपाकघरात माझा प्रवासाचा डबा भरत होती.

चार दिवस मजा केली. परत ऑफिसला गेलो तर माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास झाकून ठेवलेला. हिशेब बघणाऱ्या ताईंनी ठेवला होता. आमचे मास्तर, म्हणजे शिक्षक नव्हेत, सगळ्यांचं शुद्धलेखन सुधारतात म्हणून मास्तर, त्यांनी माझं साठलेलं काम घरी नेऊन संपवलं होतं. साहेब स्वतः उठून आले, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "काही लागलं तर संकोच करू नकोस." मी मान वर केली नाही. त्यांना वाटलं, दुःख आहे. शरमेने मान खाली गेली तरी बाहेरून तशीच दिसते.

थोड्या वेळाने मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "श्रद्धांजलीचं पान केलंय. एकदा नजर टाक. चूक राहायला नको… फोटो मात्र चांगला निवडलास."

"कुठला फोटो?"

"तूच नाही का फोल्डरमध्ये टाकलास? आम्ही कुठून आणणार?"

मी कोणताही फोटो टाकला नव्हता. फोल्डर उघडला. काळ्या चौकटीत माझी आई होती. आमच्याच खिडकीशी, याच वेताच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून समोर बघत होती. अंगात बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या रंगाचा स्वेटर, बाह्या थेट मनगटापर्यंत.

तो स्वेटर मी ओळखला, काका. आदल्या रात्रीच आईने तो माझ्यासमोर धरला होता. पाठ झालेली, पुढचा भाग झालेला, एक बाही झालेली. दुसरी बाही अजून सुरूही नव्हती.

मी फोटो पुसला. मास्तरांचं पानही पुसलं. लगेच पॅसेजच्या टोकाला प्रिंटर जागा झाला. आत रोलर फिरल्याचा खरखर आवाज, मग तापलेल्या पावडरचा तो करपट वास. ट्रेमध्ये एक पान उपडं येऊन पडलं. मी उचललं. कोमट होतं. उलटं केलं… आई.

प्रिंटरच्या यादीत पाहिलं, पान कोणी पाठवलं म्हणून. माझ्याच मशीनचं नाव. मी टेबलाखाली वाकून नेटवर्कची तार उपटली. उठून उभा राहतो न राहतो तोच परत खरखर. दुसरं पान… मग तिसरं. तार माझ्या हातात लोंबकळत होती.

ताईंनी ती पानं गोळा केली, नीट एकावर एक लावली आणि म्हणाल्या, "एक पुरे रे. सगळी नको काढूस. त्रास होतो." एक त्यांनी नोटीस बोर्डावर लावलं. रोज त्याच्यासमोरून जावं लागायचं.

घरी आलो तर आईने दुसरी बाही धरली होती. "थंडीच्या आत उरकते," ती म्हणाली. "आज हात छान चाललाय बघ." मी विचारलं, घाई काय आहे? ती हसली. "घाई तुलाच नसते कशाची."

मी रोज ऑफिसात तो फोल्डर उघडायचो. पुसलेला फोटो रोज परत तिथे असायचा. आणि रोज घरी बाही बोटभर वाढलेली असायची. मला काय कळायचं ते कळलं. ती बाही पूर्ण झाली की तो फोटो खरा होणार होता.

मग मी काय केलं असेल? खरं सांगून टाकलं? नाही. त्यासाठी समुद्र सांगावा लागला असता, मित्र सांगावे लागले असते. बाही चार बोटं उरली तेव्हा मी आईची लोकर लपवली. लॉफ्टवर, जुन्या कीबोर्डांच्या खोक्यात.

आईने घर पालथं घातलं. गाद्या उचलून पाहिल्या, डबे उघडून पाहिले. शेवटी पलंगाच्या कडेला बसली आणि बारीक आवाजात म्हणाली, "इथेच ठेवली होती रे… माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही का आता?" मी म्हणालो, "होतं असं वयामुळे." तिच्या तोंडावर म्हणालो, काका. त्या दिवसापासून ती गॅस बंद केला का हे दोन-दोनदा जाऊन बघते. स्वतःवरचा तिचा विश्वासच मी काढून घेतला. आधी मारली, मग वेडी ठरवली. असा मुलगा कोणाला होऊ नये.

आज सकाळी राहवलं नाही. नोटीस बोर्डावरचं पान फाडलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "माझी आई जिवंत आहे."

टायपिंगचे आवाज थांबले. कोणी रागावलं नाही. कोणीतरी रागावायला हवं होतं. ताई उठून आल्या, माझ्या हातातलं फाटकं पान सोडवून घेतलं.

"माझे बाबा गेले ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी कितीतरी दिवस दोन कप चहा करत होते. असं वाटतंच रे. हळूहळू मन मान्य करतं."

"तसं नाही, ताई. ती खरंच घरी आहे. विणतेय…"

"हो," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "असेलच. कुठे जाते आई?"

एक वाक्य पुरलं असतं. मी खोटं बोललो, मी मजा करायला गेलो होतो. जिभेच्या टोकावर होतं, पण जीभ रेटेना. सगळे माझ्याकडे इतक्या मायेने बघत होते. मी… मी मान हलवली. ताईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलोही. साहेबांनी मला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली, न मागता.

दुसऱ्यांदा मारली मी तिला. या वेळी तर फोनचाही आडोसा नव्हता.

घरी यायचं धाडस होईना, तेव्हा अंधार पडेपर्यंत रस्त्यांवर फिरत राहिलो. दार आईनेच उघडलं. चेहरा कसा उजळलेला. हातात हिरवी लोकर, तीच छटा, नवीकोरी लड.

"तुझ्या ऑफिसातले एक जण येऊन गेले दुपारी," ती म्हणाली. "किती सभ्य माणूस! म्हणाले, लोकर हरवल्याचं कळलं, आम्ही सगळ्यांनी मिळून आणली. बाही झाली की आजच परत येतो म्हणाले, फोटो काढायला."

"आई, कोण? नाव काय सांगितलं?"

"नाव नाही विचारलं बाई. तुझ्या ओळखीचेच आहेत. म्हणाले, फोल्डरमध्ये जागा तुमच्या मुलानेच करून दिली आम्हाला." मग तिने मला समोर बसवलं, लड माझ्या दोन्ही मनगटांवर अडकवली आणि गुंडा करायला घेतला. लहानपणी बसायचो तसा हात पुढे करून बसलो होतो. तिला थांबवायला हात मोकळे नव्हते, आणि तोंड तर कधीचंच उरलं नव्हतं. सांगायचं झालं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ती इतकी खुश होती, काका.

त्यानंतर तुम्ही बेल वाजवलीत. खरं सांगतो, मला वाटलं, तोच आला फोटो काढायला. तुम्ही आहात म्हटल्यावर जीव भांड्यात पडला.

हा बघा, लोकर ज्यात बांधून आणली तो कागद. छापलेली बाजू आत आहे. मी उलटून पाहिलेला नाही. दुपारी आणलाय तो, तेव्हापासून इथे टेबलावर पडून आहे. जरा हात लावा… लावून तर बघा. कोमट लागतो ना?

काका… सुया कधी थांबल्या?