गिरणीमागची ओल

जयमालाला गाडी पळवायचं वेड होतं, आणि विजेच्या गाडीला ते वेड परवडत नव्हतं. पडद्यावर दीडशे किलोमीटर दिसायचे. हिचा पाय पडला की नव्वदच उरायचे. दोनदा गाडी टेम्पोवर चढून शेगावला घरी आली होती. "तिसऱ्यांदा आली की विकलीच समज," तिच्या वडिलांनी, भगवानरावांनी, बजावलं होतं.

त्या रविवारी सातपुड्याकडून परतताना वरवट बकाल गावातच चार्जिंग तीन टक्क्यांवर आलं. समोर पिठाची गिरणी दिसली. विचारून तिने प्लग लावला… लाल दिवा! तिचं तोंड एवढंसं झालं.

"बिघडली वाटते गाडी."

"गाडी नाई हो, जमीन सुकली," गिरणीवाला गोविंदा म्हणाला. भुवयांपर्यंत पीठ, पण डोळे हसरे. "अर्थिंग भेटून नाई राह्यलं तिले. थांबा."

गिरणीमागे मीठ-कोळसा घातलेला खड्डा होता, अर्थिंगची तार त्यात पुरलेली. त्याने एक बादली पाणी ओतलं, मग दुसरी… आणि दिवा हिरवा झाला. गिरणी चालू असली की विजेचा दाब उतरतो, म्हणून त्याने गिरणीच बंद केली.

"अन् माह्या ज्वारीचं काय बे?" डबा घेऊन बसलेल्या कोकिळाकाकू कडाडल्या. "पोरगी पाह्यली अन् गिरणी बंद!"

गोविंदा पिठाखालीही लाल झाला. जयमालाला तो तिथेच आवडला.

"हळू चालवत जा नं," तो सावरत म्हणाला. "तुमचा पायच खाते सारी बॅटरी."

"हळूच जायचं तर बैलगाडी काय वाईट होती?"

दोन तासांनी ती आपल्या चाकांवर घरी गेली. गाडी वाचली. पुढे मात्र दर रविवारी तिची बॅटरी नेमकी वरवट बकाललाच संपू लागली.

एप्रिल आला. जमिनीला भेगा पडल्या. गाडी दिसताच गोविंदा बाहेर आला.

"किती उरली?"

"अठ्ठावन्न टक्के."

"मंग थांबल्या काऊन? शेगाव तर आरामात येते."

गिरणीमागे जाऊन तिने पाहिलं. सगळीकडे फुफाटा, आणि त्या खड्ड्याभोवती हिरवंगार गवत.

"मी तर रविवारीच येते… मग हे?"

"रोज टाकतो पाणी." त्याने मान खाली घातली. "खड्डा सुकला, रस्त्यातच चार्जिंग संपली, गाडी टेम्पोवर गेली, तुमच्या बाबानं विकली… तर तुमी इकडं कशा यासान? अन् तुमी नाई आल्या तर… मले नाई करमत, जयमाला."

तिने गाडीचं दुसरं दार उघडलं.

"चला."

"कुठं?"

"बाबाले भेटाले. मलेही नाई करमत."

गोविंदा तसाच, पिठासकट, आत बसला. एरवी अर्ध्या तासात घर गाठणाऱ्या जयमालाला त्या दिवशी शेगावला पोचायला सव्वा तास लागला.