गोलमागची खुर्ची

"लाइनवर होता. लाइनवरच. आत कुठे गेला? ह्या बाईला डोळे दिलेत की शर्टाची बटणं?"

हे कुणीतरी माझ्यापासून हातभर अंतरावर पुटपुटलं, आणि त्यातली बाई मी होते.

१९८८चा ऑक्टोबर, कार्डिफची आइस रिंक, शनिवारची संध्याकाळ. गोलच्या मागे, जाड काचेच्या अलीकडे, टेलिफोन बूथएवढ्या लाकडी खोक्यात मी बसले होते. समोर एक बटण. आइस हॉकीची ती रबरी काळी चकती असते ना – पक म्हणतात तिला – ती गोलची रेषा पूर्ण ओलांडून आत गेली की मी बटण दाबायचं. वर लाल दिवा लागतो, आणि दोन हजार माणसं एकतर नाचतात, नाहीतर माझ्याकडे बघून दातओठ खातात. माझी ती आयुष्यातली पहिली मॅच, आणि पहिल्यांदा दाबलेलं बटण मी आमच्याच कार्डिफच्या गोलकीपरविरुद्ध दाबलं होतं.

आणि हा गोलकीपर मराठीत कुरकुरत होता!

त्याची पाठ माझ्याकडे. डोक्यावर हेल्मेट, तोंडावर जाळी, अंगावर गादीएवढे पॅड. काचेच्या दोन तावदानांमध्ये बोटभर फट होती. मी तिथे तोंड नेलं आणि म्हटलं, "बटणं नाहीत, डोळेच आहेत. रोज दुकानात लोकांचे तपासते."

तो इतक्या हळू वळला की मला वाटलं, बर्फात रुतला की काय. जाळीमागे दोन डोळे – मोठ्ठे झालेले. तेवढ्यात खेळ सुरू झाला. पुढचा शॉट त्याने अडवला असं सगळे म्हणतात. तो स्वतः म्हणतो, अडवला-बिडवला काही नाही, मी बघतच राहिलो होतो, पक येऊन अंगावर आदळला.

मॅच संपल्यावर चहाच्या खिडकीशी तो मला शोधत आला. ओले केस, मोडून पुन्हा बसवलेलं नाक, आणि हसला की डावीकडचा एक दात गायब. शशी गायकवाड. जन्म लंडनचा, स्ट्रेटममधला. दिवसा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचा, संध्याकाळी आमच्या कार्डिफ कॉर्मरंट्सचा गोल राखायचा. कॉर्मरंट म्हणजे पाणकावळा. माझी आई शेवटपर्यंत त्या टीमला पाणकावळेच म्हणाली.

मराठीत का कुरकुरतोस, असं मी विचारलं. तर म्हणाला, इंग्लिशमध्ये रेफ्रीला शिवी दिली की दोन मिनिटांची शिक्षा होते. मराठीत तो चार वर्षं बिनधास्त देत आला होता. मराठी शिकला आजीकडून, सिंधुबाईंकडून. त्यामुळे सहा फुटी गडी शिव्याही आजीच्याच द्यायचा. मेल्या. मुडद्या. तुझ्या तोंडात माती पडो. समोर कॅनडाहून आलेला बैलासारखा धिप्पाड फॉरवर्ड, आणि हा त्याला म्हणतोय, जळ्ळं मेलं ते लक्षण.

"पण तो गोल नव्हता," तो म्हणाला.

"होता."

"लाइनवर होता."

"चष्मा लागलाय तुला. उद्या दुकानात ये, सवलत देते."

तो खरंच आला. डोळे ठणठणीत निघाले. तरी अर्धा तास फ्रेमी लावून आरशात बघत बसला.

आता मी त्या खुर्चीवर कशी पोचले, ते सांगते. आमच्या दुकानाचे मालक ग्लिन हे रिंकवरच्या सगळ्या पंचमंडळींचे प्रमुख. घड्याळवाले, गुणवाले, दिवेवाले, सगळे फुकट काम करणारे हौशी लोक. त्यांना गोलमागे बसायला कुणीतरी हवं होतं. नजर तेज आणि खेळाची अजिबात माहिती नसलेलं. दोन्ही बाबतीत मी पहिली आले. त्यांनी मला एका दुपारी सगळं शिकवलं. पक पूर्ण आत गेली तरच दिवा. शंका असेल तर दिवा नाही. आणि वीस मिनिटांचा डाव संपला की हिरवा दिवा लागतो. तो लागला की लाल दिव्याचं बटण बंद. मग कितीही दाबा, लागायचा नाही.

शेवटचा नियम त्यांनी चष्मा काढून सांगितला होता. ह्या खुर्चीवर खेळाडूची बायको, बहीण, प्रेयसी कुणी बसायचं नाही. तसं झालं, तर दिव्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. तसं काही निघालं तर त्यांना सांगायचं आणि त्याच दिवशी उठायचं. मी हसत हसत सही केली. तेव्हा शशी माझ्यासाठी जन्मालाच आला नव्हता.

मग नोव्हेंबर आला...

लोक चेहऱ्याच्या प्रेमात पडतात. मी पाठीच्या पडले. तीन डावांपैकी पहिला आणि तिसरा तो माझ्यासमोर, मधला पलीकडच्या टोकाला. त्या मधल्या वीस मिनिटांत माझ्यासमोर दुसरी कुठली तरी पाठ असायची, आणि मला परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटायचं. शशीची पाठ मला वाचता यायला लागली. खांदे कानांपर्यंत गेले म्हणजे घाबरलाय. मान डावीकडे झुकली म्हणजे गुडघा दुखतोय. प्रत्येक डावाआधी तो काठीने गोलचे दोन्ही खांब ठोकायचा – टक, टक. डिसेंबरपासून त्यात तिसरी टक आली. मागे न बघता, काठी उलटी करून, माझ्या काचेवर.

पाणकावळे जिंकत सुटले. ख्रिसमसपर्यंत ओळीने नऊ मॅचेस. रिंकबाहेर तिकिटाची रांग थेट रस्त्यापर्यंत जायला लागली. आणि ह्या लोकांची एक पद्धत माझ्या लक्षात आली: लीग जिंकणार, असं कुणीही तोंडातून काढायचं नाही. काढलं की नशीब फिरतं. कुणी 'ली' म्हटलं तरी कप्तान त्याच्या तोंडावर टॉवेल फेकायचा. मला यात काही नवल वाटलं नाही. आमच्या आईनेही माझ्या कुठल्याच परीक्षेला पास होशील असं म्हटलेलं नव्हतं, दृष्ट लागते म्हणून.

पण तोच कायदा आमच्या दोघांनाही लागू झाला. शशी मला बसस्टॉपपर्यंत सोडायला यायचा, हे सगळ्या टीमला माहीत होतं. मॅचनंतर तो माझ्यासाठी चहा घेऊन उभा राहायचा, त्यात साखर दीड चमचा, हेही माहीत होतं. कुणी चकार शब्द काढत नव्हतं. बोललं की मी खुर्चीवरून उठणार, आणि मी बसल्यापासून टीम घरच्या बर्फावर हरली नव्हती. कप्तान माझ्याजवळून जाताना फक्त आज खुर्ची गरम आहे ना, एवढं विचारायचा. ग्लिन माझ्याकडे बघायचे, चष्मा पुसायचे, आणि हवेबद्दल बोलायचे. आणि घरी आई. तिने तीन रविवार शशीला पोहे वाढले आणि तीनही वेळा विषय काढला तो हॉस्पिटलमधल्या कँटीनचा.

मीही बोलत नव्हते. दिवा खरा लावतेय ना, मग झालं, अशी मनाची समजूत घालत होते. पण रोज रात्री ती सही आठवायची.

फेब्रुवारीत एका रविवारी रोथ पार्कच्या तळ्याकाठी आम्ही चालत होतो. बारीक पाऊस, इथला नेहमीचा, भिजवतो पण दिसत नाही असा. शशी थांबला. हातमोजे काढले, परत घातले.

"वीणा, मला एक गोष्ट... म्हणजे माझा... आजी असती ना, तर तिने बरोबर सांगितलं असतं –"

"मार्चनंतर," मी म्हटलं.

"पण तुला माहितीये मी काय –"

"माहीत नाही मला. मार्च संपेपर्यंत मला काहीही माहीत नाही." आणि मग, आवाज फारच कडक निघाला म्हणून, मी त्याच्या मफलरची गाठ नीट केली. ती आधीच नीट होती.

तो तळ्याकडे बघत म्हणाला, "आणि ऑक्टोबरचा गोल पण गोल नव्हता."

शेवटची मॅच मार्चच्या शेवटच्या शनिवारी, आमच्याच रिंकवर. समोर उत्तरेकडची टीम, आमच्यापेक्षा एक गुण पुढे. हिशोब सोपा होता: जिंकलो तर लीग आमची, बरोबरी झाली तरी त्यांची. आई पहिल्यांदाच मॅचला आली होती. दोन स्वेटर, वर साडीचा पदर घट्ट, आणि मांडीवर लाडवांचा डबा.

तिसऱ्या डावात आम्ही चार-तीनने पुढे. घड्याळात अडीच मिनिटं. शशी माझ्यासमोर, खांदे कानांपर्यंत.

मग सगळे गोलच्या तोंडाशी कोसळले. पाच-सहा माणसं, काठ्या, बर्फाचा भुगा. पक शशीच्या पायाखाली. आणि मला, फक्त मला, त्याच्या पॅडच्या मागून ती काळी चकती सरकताना दिसली. हळू. सावकाश. रेषेवर आली... रेषेपलीकडे गेली... मधे पांढरा बर्फ दिसला, बोटभर. पुढच्या क्षणी त्याने हातमोज्याने ती परत ओढली. रेफ्री कोपऱ्यात अडकला होता, त्याला काही दिसलेलं नव्हतं.

शंका असेल तर दिवा नाही. मला शंका नव्हती. असती तर किती बरं झालं असतं.

मी बटण दाबलं.

असं ओरडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. माझ्या काचेवर कुणीतरी अख्खा चहाचा कप फेकला. आमचा कप्तान रेफ्रीच्या तोंडाशी जाऊन सांगत होता की पक रेषेवरच होती, बघा ना, आत्ताही बाहेरच आहे. रेफ्री माझ्याजवळ आला. नक्की का, म्हणाला. मी नक्की म्हटलं. तो घुटमळला. नवीन पोरगी, आणि समोर दोन हजार लोक. दिवा बाजूला सारायचा अधिकार त्याला होता. मग त्याने, कधी कुणी विचारत नाही ते, शशीला विचारलं.

आमच्या बाकावरचे वीस जण शशीकडे बघत होते. सहा महिने हा माणूस एका गोलवरून माझ्याशी भांडत आला होता. भांडणात तो तयार होता. एक वाक्य म्हणायचं, लीग खिशात.

शशीने तोंडावरची जाळी वर केली.

"ती बरोबर आहे," तो इंग्लिशमध्ये म्हणाला. "आत होता."

चार-चार. पलीकडची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडायला लागली. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. खांदे खाली आले होते. अगदी खाली, ऑक्टोबरपासून इतके खाली कधी नव्हते. त्याने खांब ठोकले. टक, टक. आणि माझ्या काचेवर, टक.

त्यानंतर काय झालं ते मी फार लांबून पाहिलं. आमचा कप्तान पक घेऊन सुटला, पडला, उठला, कुणाच्या तरी काठीला लागून पक उडाली, आणि गर्दीत काही दिसेनासं झालं. मग पलीकडच्या टोकाला लाल दिवा लागला. पाच-चार. त्या खुर्चीवर ग्लिन होते. घड्याळात एकोणीस सेकंद. ते एकोणीस सेकंद शशीने आजीचा अख्खा शब्दकोश वापरून काढली.

भोंगा वाजला. डोक्यावर हिरवा दिवा लागला.

हेल्मेटं, काठ्या, हातमोजे आकाशात. वीस माणसं शशीच्या अंगावर पडली, आणि त्या ढिगाऱ्यातून तो कसाबसा निघून माझ्या काचेशी आला. घामाने आणि बर्फाने भिजलेला, दात गायब तो गायबच. फटीशी तोंड आणून तो म्हणाला, "मार्च संपला."

"अजून सहा दिवस आहेत."

"सीझन संपला ना?" मग जरा थांबून, "ऑक्टोबरचा... तो पण आत होता, वीणा. पूर्ण आत. मला तेव्हाच दिसला होता."

"मग सहा महिने भांडलास कशाला?"

"नाही भांडलो असतो, तर तू बोलली असतीस का माझ्याशी?"

माझा हात आपोआप बटणावर गेला. दाबलं. एकदा, दोनदा, जोरात. लाल दिवा लागला नाही. हिरवा लागला होता, आता कितीही दाबलं तरी लागायचा नव्हता. शशी वर दिव्याकडे बघत होता, मग माझ्याकडे. त्याच्यामागे कप्तान येऊन उभा राहिला होता, टॉवेल हातात धरून, पण फेकत नव्हता. ग्लिन बर्फावरून जपून पावलं टाकत येत होते, चष्मा काढून. तिसऱ्या रांगेत आई डबा उघडून उभी होती, आणि तिला घाई झाली होती, हे मला इथून दिसत होतं.

मी खुर्चीवरून उठले. फटीत तोंड घातलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "शशी, माझं प्रेम आहे तुझ्यावर."