तीन बोल्ट आवळायला

शेळगावच्या फाट्यावर रस्त्याच्या कडेला एक लाल गाडी उभी होती, तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते, आणि बूट मात्र शेजारी नीट जोडून ठेवलेले होते, देवळाबाहेर ठेवावेत तसे. आपण स्कूटी थांबवली ती त्या बुटांमुळेच, असं संजीवनी पुढे कितीही शपथेवर सांगू लागली, तरी तिच्यावर विश्वास ठेवू नका. ती गाडी मघाशी तिला मागे टाकून गेली, तेव्हाच तिने कान टवकारले होते. गिअर बदलताना आतून खट्ट असा आवाज येत होता.

"तिसरा पडत नाही ना?" तिने वाकून विचारलं.

पाय दचकले. मग काळ्या ग्रीसने माखलेला एक चेहरा बाहेर आला, आणि त्यात दोन हसरे डोळे.

"तुमाला कुणी सांगितलं?"

"गाडीनंच. जाताना ओरडत होती."

"आन् मला म्हणत हुती, काय सुदिक झालं न्हाय!"

तिला हसू आवरेना. संजीवनी वालचंदनगरच्या कॉलनीत वाढली, रबराचं शिक्षण घेऊन आली आणि बारामतीच्या एमआयडीसीत तिने छोटासा कारखाना टाकला. ट्रॅक्टरचे, उसाच्या ट्रेलरचे रबरी पॅड ती बनवायची. आणि हा होता वरकुट्याचा ऋषिराज. घर बागायतदाराचं, ऊस डोक्यावरून जाईल एवढा; पण या पठ्ठ्याचं चित्त शेतात कधी लागलंच नाही. जुनी गाडी घेऊन, मागच्या सीटा काढून, त्याने ती शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायला तयार केली होती.

संजीवनीने ओढणी कमरेला खोचली, हात खाली घातला आणि गिअरबॉक्स ज्यावर बसतो तो रबराचा माउंट अंगठ्याने दाबून पाहिला. अंगठा आत रुतला.

"याला डिझेल कुणी पाजलं?"

"तात्यांनी... म्हंजे माझ्या चुलत्यांनी. दर शनिवारी गाडीला खालनं डिझेल फवारत्यात. ट्रॅक्टरला फवारत्यात तसं. गंज लागत न्हाय म्हणं."

"गंज नाही लागला. पण रबर डिझेलनं फुगतं, मऊ पडतं. मग गिअरबॉक्स डुलतो आणि गिअर पडत नाही. तात्यांच्या मायेनं मारलंय याला."

"मग लोखंडाचाच करून द्या की. हलायचा प्रश्नच मिटला!"

"आणि सगळे हादरे बसून गिअरबॉक्सचा, बोल्ट बसतो तो कान तुटला म्हणजे? थोडं हलू द्यायचं असतं. किती, ते मी ठरवते."

"सगळं तुमीच ठरवणार?"

"माउंटपुरतं."

"बरं... माउंटपुरतं," तो म्हणाला. डोळे मात्र वेगळंच काही म्हणत होते.

माप एकदाच घ्यायचं असतं. ऋषिराज ते रोज घेऊन कारखान्यात येऊ लागला. ती त्याला समजावून सांगायची: रबर फार मऊ, लोखंड फार कडक, म्हणून मधला मार्ग पॉलियुरेथेनचा, साच्यात ओतायच्या चिवट प्लास्टिकचा. आणि एकट्या गिअरबॉक्सचा माउंट कडक करून भागत नाही, इंजिनाचे माउंटही त्याच्या जोडीचे लागतात.

"एकट्यानं ताठ राहिलं की सगळा भार त्याच्यावरच येतो," ती म्हणाली.

"हे माउंटचं सांगताय... का तुमचं?"

संजीवनीने हातातला, रबराचा कडकपणा मोजायचा मीटर उगाचच पुन्हा शून्यावर आणला. त्या दिवशी ती जेवणाचा डबा न उघडताच घरी घेऊन गेली.

मग एकदा तो उड्या मारतच आला. कोइमतूरची एक रेसिंग टीम रविवारी माळावरच्या ट्रॅकवर चालक निवडायला येणार होती. ज्याला निवडतील, त्याला वर्षभर तिकडे राहायचं. "तुमच्या माउंटवर हाय सगळं," तो म्हणाला. लहानपणापासून त्याने हेच एक मागितलं होतं. संजीवनीने तोंडभर अभिनंदन केलं आणि तो गेल्यावर बराच वेळ साचा पुसत बसली. आपण काम चोख केलं, तर हा जाणार. एवढं साधं होतं ते.

शुक्रवारी सकाळी तिने साचा उघडला, तर गिअरबॉक्सच्या माउंटच्या पोटात हवेचा बुडबुडा! माल वाया. तिने मनात काही आणलं नव्हतं, तो खरोखरच बिघडला होता. 'सोमवारी देते' म्हटलं असतं, तर कुणी बोट ठेवलं नसतं. रविवार निघून गेला असता आणि ऋषिराज वरकुट्यातच राहिला असता. तो तुकडा हातात धरून ती उभी राहिली... किती मोह झाला म्हणून सांगू! मग तिने करवत घेतली, त्याचे दोन तुकडे केले आणि पुन्हा मिश्रण तापवायला ठेवलं. मधासारखी पिवळी, सावकाश धार साच्यात पडताना तिचे डोळे भरून आले, पण हात हलला नाही.

रविवारी ट्रॅकवर ऋषिराजने जॅकवर चढवलेल्या गाडीखाली शिरून भराभर बोल्ट आवळायला घेतले. तिने त्याचा पाना धरला. पान्यावर दोघांचे हात आले, आणि कुणीच लगेच काढला नाही.

"थांबा. ढिले ठेवा. गाडी खाली उतरवा, इंजिन चालू करा. ते हलेल, डुलेल... आपली जागा घेईल. मग आवळायचं."

"आन् आदीच आवळलं तर?"

"मग कायम ओढाताण. एक दिवस फाटतं." ती पुढे म्हणाली, "आणि थोडं पळून झालं की बोल्ट परत तपासायचे. विसरायचं नाही."

मानसिंगतात्या पांढऱ्या टोपीत, डिझेलचा पंप घेऊन तयार उभे होते. संजीवनीने हात जोडले. "तात्या, आता याला डिझेल नको."

"मग पोरी, हळद-कुंकू तरी लावू का?"

"ते चालेल!"

निवडीआधी एक सरावाची फेरी होती. "बसता?" त्याने विचारलं, आणि ती बसली. गाडी सुटली. दुसरा, तिसरा... खट्ट नाही, काही नाही. तिसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. डांबराचा कण न् कण सीटमधून तिच्या पाठीत शिरत होता. वळणावर सगळं जग एका अंगाला कलंडलं, आणि तिने ओतलेल्या त्या पिवळ्या तुकड्यांनी अख्खं इंजिन जागच्या जागी धरून ठेवलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. एरवी एका जागी न टिकणारा तो पोरगा इथे इतका शांत होता, की तिला श्वास घ्यायचंही भान राहिलं नाही. असं काही आपल्या हातून घडू शकतं? असं माणूस असू शकतं? गाडी थांबली तरी तिला उतरायचं सुचेना.

त्याची निवड झाली. सगळ्यांनी पेढे खाल्ले. गाडी ट्रकवर चढून पुढे गेली. बारामतीच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून तो काहीतरी बोलायला गेला, तेवढ्यात कंडक्टरने बेल मारली. ती नुसती हात हलवत राहिली.

साखर कारखान्यांचे भोंगे वाजले, उसाच्या गाड्यांनी रस्ते भरले, संजीवनीकडे पॅडची रीघ लागली. दिवाळीला एक फोन, संक्रांतीला एक. बोलणं गाडीचं. रोज संध्याकाळी शेळगावच्या फाट्यावर तिची स्कूटी आपोआप हळू व्हायची.

आणि एका दुपारी कारखान्याच्या दारात तो उभा! पाठीला सॅक, डोळे जागरणाने लाल. त्याने टेबलावर फडकं सोडलं. आत तो माउंट. मग खिशातून त्याचे तीन बोल्ट काढून शेजारी ठेवले.

"तपासायचं हाय. तुमीच म्हणला हुता."

तिने माउंटला मीटर लावला, अंगठ्याने दाबला, उजेडात फिरवून पाहिला. चीर नाही, फुगवटा नाही.

"याला काही झालेलं नाही. आणि बोल्ट गाडीवर असताना आवळायचे असतात. काढून आणल्यावर काय आवळू मी?"

"ते मला बी म्हायती हाय."

"मग इतक्या लांबून..."

"त्याला काय झालं न्हाय," ऋषिराज खाली बघून म्हणाला. "मला झालंय."

"घाई नाही ना होत?" तिने हळूच विचारलं. "आधी जागा घेऊ द्यावी..."

"घेतलीय. शेळगावच्या फाट्यावरच. उन्हाळ्यात वर्ष सरतंय माझं. घरच्यांना धाडू का तुमच्याकडं?"

संजीवनीने तिन्ही बोल्ट उचलले आणि मुठीत घट्ट धरले. ते त्याच्या खिशातल्या उबेने अजून कोमट होते.

"तात्यांना पाठव," ती म्हणाली, पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे करत. "पण डिझेलचा पंप घरी ठेवून या म्हणावं."